मातृभाषेचा रकाना

(चिंचवड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आधी व्यवस्थेविषयी थोडं. मंचावर माझ्या शेजारी सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी आहेत. साधारण वीस मिनिटांनी एक जण बसेल आणि दुसरा उभा राहील. एका भाषेत ऐकत त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत मांडायचं काम डोकं इतकं शिणवतं की त्यानंतर चुका व्हायला लागतात. संयोजकांनी दोघांच्या मानधनाची सोय केली, त्यांचे आभार. बहुतेक सभांमध्ये एकावरच भागवतात. काही ठिकाणी कोणालाच बोलावत नाहीत आणि मग बधिरांविषयी तासभर कळवळ्याने बोलतात.

आता विषय. जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा त्याला प्रत्येक माणसाची मातृभाषा लिहायची असते. ती कशी ठरवायची याच्या सूचना त्याला दिलेल्या असतात. लहानपणी आई ज्या भाषेत त्या माणसाशी बोलली, ती त्याची मातृभाषा. इथवर ठीक. पुढे अशीही सूचना आहे की तान्ही मुलं आणि मूकबधिर यांच्या बाबतीत आई सहसा जी भाषा बोलते तीच नोंदवावी. म्हणजे पाळण्यातलं पोर आणि चाकणजवळच्या निघोज्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं प्रेस चालवणारा ऑपरेटर, दोघं एकाच सूचनेत बसवले. पोराला अजून भाषा यायची आहे, तेव्हा आईची लावली तर बिघडत नाही. ऑपरेटरला भाषा आहे. त्या भाषेत तो भांडतो, चेष्टा करतो, कर्जाचे हप्ते मोजतो. कागदावर मात्र त्याने जन्मात न ऐकलेली मराठी, भोजपुरी किंवा कन्नड चढते.

2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख 70 हजार लोक मोजले गेले. त्यातले बरेच जण म्हातारपणामुळे कमी ऐकू येणारे, त्यांना सांकेतिक भाषेशी कर्तव्य नाही. ते वजा केले तरी उरलेला आकडा लहान राहत नाही. त्याच जनगणनेत दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या 121 भाषांचा तक्ता आहे. त्यात संस्कृत आहे. 24,821 लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. त्यांनी सांगितली, सरकारने लिहून घेतली, उत्तम झालं. भारतीय सांकेतिक भाषेला त्या तक्त्यात ओळ नाही. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात मात्र सांकेतिक भाषांचा स्वतंत्र खंड आहे.

हा प्रश्न दिल्लीचा वाटेल, पण तो पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याइतका ठळक फार कमी ठिकाणी दिसतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आली, 1982 साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. 1999 मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना, 2009 मध्ये फोक्सवॅगन. आधी सोलापूर, लातूर, बीड, खानदेशातली माणसं आली, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालची. महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडीतल्या एकेका मजल्यावर चार-पाच भाषा नांदतात. या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात बधिर माणूस येत नाही. दिव्यांगांवरच्या लेखनात तो येतो, पण तिथे तो कुठून आला, घरी कोणती भाषा होती, हे कोणी विचारत नाही. मी कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात उमेदीची वर्षं काढली. हे बोलतोय ते तिथे आणि पुढे रविवारच्या टपऱ्यांवर जे पाहिलं त्याच्या आधारावर.

चाकणला आंबेठाण चौकाच्या बाजूला एका टपरीवर रविवारी सकाळी चार-सहा बधिर मुलं जमायची. एक लातूरकडचा, एक हुबळीचा, दोघे लखनौकडचे. त्यांच्या शेजारी ऐकणारे कामगारही असत, त्यात ओडिया वेल्डर आणि आपला मराठी फिटर. हे दोघे तीन महिने एका खोलीत राहूनही तोडक्यामोडक्या हिंदीच्या पुढे सरकले नव्हते. बधिर मुलांचं पहिल्याच रविवारी जमलं. रंग, वार, नातेवाईक, आकडे यांच्या खुणा वेगवेगळ्या निघाल्या की हात थांबायचे. मग एक जण ती वस्तू करून दाखवायचा, दुसरा आपली खूण दाखवायचा, तिसरा दोन्हींवर हसायचा आणि गाडी पुढे जायची. पुढच्या रविवारी लखनौची खूण लातूरच्या हातात असायची.

याला शास्त्राचा आधार आहे. मदन वसिष्ठ हे हिमाचलातले, वयाच्या अकराव्या वर्षी बहिरे झालेले, पुढे अमेरिकेत गॅलॉडेट विद्यापीठात शिकवणारे अभ्यासक. त्यांनी जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांच्याबरोबर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. सुमारे 75 टक्के खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. नंतर उलरिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी कराची आणि नवी दिल्लीतल्या बधिरांची भाषा तपासली, तर व्याकरण एकच. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी, नकार मानेच्या हालचालीत, प्रश्नाचा सूर भुवयांत. याचा मराठीशी किंवा हिंदीशी काही संबंध नाही. म्हणून लातूरच्या बधिर मुलाला हुबळीचा बधिर मुलगा जितका लवकर कळतो, तितका लातूरचाच ऐकणारा सुपरवायझर कळत नाही. आपण प्रांतवार भाषांचे कप्पे करतो, त्यांत हे लोक बसतच नाहीत.

मग विविधता कुठे आहे? माझ्या मते ती एकाच प्रश्नात आहे: भाषा कधी मिळाली? पाचव्या वर्षी बधिरांच्या शाळेत, विसाव्या वर्षी कंपनीच्या बसमध्ये, की कधीच नाही?

टपरीवरच्या त्या मुलांमध्ये पुढे एक जण आला. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तांड्यावरचा, पंचविशीच्या आतला. घरी गोरमाटी, गावात मराठी, इथे हिंदी, आणि याच्या कानावर यातलं काहीच पडलेलं नाही. शाळेत घातलंच नव्हतं. आईशी बोलायच्या त्याच्या घरगुती खुणा होत्या: नाकातल्या फुलीची जागा दाखवली की बहीण, डोक्यावर दोन बोटं म्हणजे बैल, पोटावर थाप म्हणजे जेवण. त्या आईला, बहिणीला आणि एका चुलत्याला कळायच्या. एका ठेकेदाराने त्याला पॅकिंगला लावला होता. काम चोख. पण पोटात दुखतंय म्हणून त्याला दवाखान्यात नेला आणि डॉक्टरांनी विचारलं की कधीपासून, तर उत्तर द्यायचं साधनच नव्हतं. त्याच्याजवळ 'आत्ता' होतं; 'परवापासून' नव्हतं, 'दर महिन्याला' नव्हतं, 'मागच्या वेळी याहून कमी होतं' नव्हतं. पगार कमी मिळतोय हे त्याला समजत होतं, कारण बाकीच्यांच्या हातातल्या नोटा दिसत होत्या. पण गेल्या महिन्यात कबूल केलेलं या महिन्यात मिळालं नाही, ही तक्रार करायला भूतकाळ लागतो.

मुलांनी त्याला धरून ठेवला. रविवारी सोबत न्यायचे, कपाळावरच्या व्रणावरून त्याला नावाची खूण दिली. असं नाव बधिर समाजाने द्यायचं असतं, आपलं आपण घ्यायचं नसतं. वर्षभराने भेटला तेव्हा तो मला बहिणीच्या लग्नातलं भांडण सांगत होता, जे तो इथे यायच्या आधी घडलेलं. मला निम्मं कळलं, मुलांना सगळं कळलं. मात्र त्याचे हात आजही अडखळतात. भाषा शिकण्याची जी कोवळी वर्षं असतात ती कोरडी गेली की पुढे कितीही पाणी घाला, सगळं भरून येत नाही.

निकाराग्वात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलेलं जगाने पाहिलं. 1977 नंतर मानाग्वामध्ये बधिर मुलांना प्रथमच एका शाळेत एकत्र आणलं गेलं. प्रत्येक जण आपापल्या घरच्या खुणा घेऊन आलेला. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते आणि मुलांनी मधल्या सुट्टीत नवी भाषाच उभी केली. लहान वयात आलेल्यांची भाषा मोठ्या वयात आलेल्यांपेक्षा समृद्ध झाली. आपल्याकडे कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात अलीपूर नावाचं गाव आहे. तिथे बधिर माणसं पिढ्यान्‌पिढ्या इतकी आहेत की गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. ऐकणाऱ्या अनेक गावकऱ्यांनाही ती येते. बधिर माणसं एकत्र आली की भाषा उभी राहते, आणि चाकणने त्यांना पोटासाठी का होईना, एकत्र आणलं. हे काम खरं शाळेचं होतं.

शाळेने ते का केलं नाही? 1880 साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांवर बंदी घालून फक्त बोलायला शिकवायचं असा ठराव झाला. त्यानंतर पाचेक वर्षांनी मुंबईत देशातली पहिली बधिरांची शाळा निघाली. पुढच्या शंभर वर्षांत निघालेल्या आपल्या बहुतेक शाळांवर मिलानची छाया पडली. वर्गात हात हलले की छडी आणि वसतिगृहात दिवे गेले की टॉर्चच्या उजेडात गप्पा, हे ज्येष्ठ बधिर मंडळी हसत हसत सांगतात. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानचा ठराव फेटाळला गेला आणि खेद व्यक्त झाला. एकशे तीस वर्षांनी.

बोलायला शिकवण्यात वाईट काय, असं कोणी विचारेल. ओठांवर काय दिसतं ते पाहा. पाठ, भात, माठ. आरशासमोर आवाज न काढता म्हणा, तिन्ही सारखेच. मराठीतले विभक्तीचे प्रत्यय तर ओठांवर जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून बधिर मुलगा सुपरवायझरला मोबाइलवर लिहितो: 'उद्या मी येणे नाही आई दवाखाना.' सुपरवायझर म्हणतो, दहावी पास आहे म्हणे. तो दहावी पास आहेच. ही त्याची दुसरी भाषा आहे आणि ती त्याने न ऐकता कमावली आहे. तुम्ही-आम्ही न ऐकता जपानी लिहून दाखवावी. त्यात आपल्याकडचा सुपरवायझर तोंडात गुटखा धरून बोलतो. ओठ वाचणाऱ्याने काय वाचायचं?

इथे कायद्यातली एक सवलत सांगायला हवी, कारण तिचे दोन्ही परिणाम मी पाहिलेत. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकच भाषा घेता यावी अशी तरतूद होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. सूट हवीच. तीन भाषांचं ओझं त्या मुलांवर टाकणं क्रूरपणा झाला असता. पण लातूरचा मुलगा फक्त मराठी घेऊन बाहेर पडतो आणि चाकणला येतो, तिथे मशीनवरच्या सूचना इंग्रजीत, ठेकेदाराचे निरोप हिंदीत. लखनौकडचा मुलगा फक्त हिंदी घेऊन येतो आणि तलाठी कार्यालयातला फॉर्म मराठीत. सांकेतिक भाषा शाळेने पक्की केली असती तर तिच्या आधाराने दुसरी लिपी, दुसरी भाषा पुढे शिकता आली असती. आपण त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट दिली आणि पहिली भाषा द्यायची विसरलो.

आता कारखान्याकडे. गंमत अशी की शॉपफ्लोअर बधिर माणसाला परका नाही. प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्जिंगमध्ये ऐकणारी माणसंही हातवाऱ्यांनीच बोलतात. क्रेनवाल्याला हातानेच सांगावं लागतं. जपानी पद्धती आल्यापासून लाइनवर अँडॉनचे लाल-पिवळे-हिरवे दिवे आहेत, जमिनीवर पट्टे आहेत, चुकीचा भाग बसणारच नाही असे फिक्श्चर आहेत. सगळं डोळ्यांसाठी. मशीनवर तळहात ठेवून बेअरिंग वाजतंय हे सांगणारे बधिर ऑपरेटर मी पाहिलेत. अडचण नेमक्या तीन-चार जागी येते. शिफ्ट सुरू होतानाची पाच मिनिटांची मीटिंग, जिथे तो मागे उभा राहून सगळे हसले की हसतो. मागून येणारी फोर्कलिफ्ट, जिचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. तिच्यापुढे जमिनीवर निळा प्रकाशझोत टाकणारा दिवा लावला की प्रश्न सुटतो. दिवा महाग नाही, पण तो 'ग्राहकाच्या ऑडिट'साठी लागतो, बधिर कामगारासाठी लागत नाही. आणि प्रमोशन. पंधरा वर्षांचा उत्तम ऑपरेटर लाइन लीडर होत नाही, कारण लीडरने 'बोलायचं' असतं.

एक कडवट गोष्टही याच पट्ट्यातली. आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. इअरप्लग खिशात ठेवून हातोड्याखाली पंचवीस वर्षं काढलेले कित्येक ऐकणारे कामगार निवृत्तीनंतर टीव्हीचा आवाज वाढवत बसतात. ते भाषा असलेले पण ऐकू न येणारे. तांड्यावरचा तो मुलगा इथे आला तेव्हा भाषेविना बधिर. सरकारी प्रमाणपत्रावर मात्र एकच परिमाण, डेसिबल. दोन्ही कानांनी 70 डेसिबल किंवा अधिक ऱ्हास म्हणजे बधिर, 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. भाषेविषयी एक अक्षर नाही.

मुंबईत या बाबतीत सुरेख काम झालंय. ॲनेलिस कुस्टर्स या बेल्जियन, स्वतः बधिर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लोकलच्या अपंगांच्या डब्यात भरणाऱ्या बधिरांच्या गप्पांच्या अड्ड्याचा अभ्यास केला. पुढे त्यांनी 'इशारे' नावाचा माहितीपट केला, त्यात बधिर माणसं बाजारात भाजीवाल्यांशी, दुकानदारांशी हातांनी व्यवहार करताना दिसतात. मुंबईत हे चालतं, कारण तिथे कोणाचीच भाषा सगळ्यांना येत नाही. ऐकणाऱ्यांनाही हात वापरायची सवय आहे. पिंपरीच्या मंडईतही तसंच चालतं. पण भाव करणं वेगळं आणि पोलीस चौकीत जबाब देणं वेगळं. खुणेने वांगी घेता येतात, जामीन मिळवता येत नाही.

घरात काय होतं ते पाहा. बधिरांची लग्नं बहुतेक बधिरांशीच होतात आणि जात-प्रांताच्या भिंती तिथे आपल्यापेक्षा कमी उंच आहेत. मोशीत असं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे, नवरा खानदेशी, बायको मध्य प्रदेशातली. ती स्वयंपाक करताना मोबाइल स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि एका हाताने पोळी लाटत दुसऱ्या हाताने इंदूरच्या मैत्रिणीशी गप्पा मारते. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा ऐकणाऱ्यांना सिनेमे मिळाले; या लोकांना फोन मिळाला. त्यांची आठ वर्षांची मुलगी ऐकणारी. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात दुभाषी तीच. आईच्या गर्भाशयाविषयी डॉक्टर विचारतात ते त्या पोरीने आईला सांगायचं. हे कोणालाच गैर वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

या मुलीच्या जागी बधिर मूल जन्मलं असतं तर? ऐकणाऱ्या घरांत आता कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव आधी निघतं. केंद्राच्या योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मदत मिळत आली आहे. उपचाराला माझा विरोध नाही. ज्यांना लाभतो त्यांना खूप लाभतो. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं स्पीच थेरपी लागते. ती मराठीत, आणि घर भोजपुरी. थेरपीला जायचं म्हणजे बापाचा एक रोज बुडतो, आणि साइट बदलली की कुटुंब हललं. त्यात पालकांना सांगितलं जातं की हातांनी बोलू नका, मूल आळशी होईल. मग इम्प्लांट नीट लाभलं नाही तर मुलाला बोलीही नाही आणि खूणही नाही. दोन्ही दिलं तर काय बिघडतं? याचं समाधानकारक उत्तर मला कोणीही दिलेलं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं. त्याचा शब्दकोश 2018 मध्ये तीन हजार शब्दांचा होता, 2021 मध्ये दहा हजारांचा झाला. 2020 च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याची घोषणा आहे, आणि स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखावा, शक्य तिथे त्या शिकवाव्यात असंही आहे. पहिल्या वाक्यावर काम जोरात, दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. पुण्यातल्या जुन्या शाळांतून शिकलेल्या सत्तरीच्या बायकांच्या खुणा आजच्या पोरांना 'चुकीच्या' वाटू लागल्यात, कारण दिल्लीच्या व्हिडिओत त्या नाहीत. प्रमाण मराठीने मालवणी-अहिराणीचं काय केलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तरी इथे सावध व्हावं. त्या बायकांच्या खुणांचं चित्रण या शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या वर्षात करून ठेवावं. कॅमेरा, तिपाई आणि चहा एवढंच लागतं.

महापालिकेने जानेवारी 2025 मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये 'पर्पल जल्लोष' हा दिव्यांगांचा महोत्सव भरवला. चांगला झाला. आता जल्लोष नसलेल्या दिवशीही मोठ्या रुग्णालयात आणि पोलीस आयुक्तालयात पगारी दुभाषी हवेत. 2016 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पाच टक्के दिव्यांग घेतल्यास प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. तिथल्या मनुष्यबळ विभागांना माझी सूचना अशी की आकडा दाखवायचा असेल तर दाखवा, पण एकेकटा बधिर कामगार वेगवेगळ्या शॉपमध्ये पेरू नका. दोघे-तिघे एका शिफ्टला ठेवा. ते एकमेकांना शिकवतील आणि लाइनवरच्या बाकीच्यांनाही.

आणि जनगणना. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख आहे, माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. प्रगणकाच्या पुस्तिकेतली मूकबधिरांविषयीची ती सूचना या खेपेला राहू नये म्हणून महानिबंधकांकडे बधिर संघटनांनी आणि साहित्य संस्थांनीही लेखी मागणी करायला हवी. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून आपण किती पत्रं धाडली! तसं एक बधिरांसाठीही. समोर पहिल्या दोन रांगांत बसलेल्या बधिर मित्र-मैत्रिणींना माझी विनंती आहे: प्रगणक येईल त्या दिवशी आई-वडिलांना किंवा शेजाऱ्याला तुमच्या वतीने उत्तर देऊ देऊ नका. 'भारतीय सांकेतिक भाषा' हे तीन शब्द देवनागरीत चिठ्ठीवर लिहून ठेवा, आणि मातृभाषेचा प्रश्न आला की चिठ्ठी पुढे करा. तो म्हणेल, सूचना वेगळी आहे. त्याला हेच लिहायला सांगा, आणि लिहिलेलं दाखवल्याशिवाय त्याला पुढच्या घरी जाऊ देऊ नका.